मोडलेली दिवाळी

आबा देव मानत नसत आणि सण एकही सोडत नसत. दोन्ही गोष्टी ते सारख्याच हट्टाने करत. त्यामुळे गावातल्या भाविकांना ते वाया गेलेले वाटत आणि मला ढोंगी. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, पुण्याच्या वसतिगृहात चार पुस्तकं वाचून नास्तिक झालो होतो, आणि उथळ पाण्याला खळखळाट फार असतो. त्यांच्या घरात मी साडेतीन वर्षं भाड्याने राहिलो. त्यातलं पहिलं वर्ष त्यांच्याशी वाद घालण्यात गेलं.

भोरवरून हिर्डोशीकडे रस्ता चढतो, त्या रस्त्यावरचं ते गाव. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायला होतो. गावाकडे गोळ्या देतो तो डॉक्टर, म्हणून मला सगळे डॉक्टरच म्हणत. आबा वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी त्या डोंगरातल्या तारा सांभाळल्या. भर पावसात लाईनीच्या कडेकडेने हिर्डोशीपर्यंत चालत जायचे आणि फॉल्ट काढून चालतच परत यायचे. उजव्या हाताची दोन बोटं भाजून आखडली होती, त्यामुळे ते चहाची बशी डाव्या हाताने उचलत.

मी राहायला गेलो तो दसऱ्याचा दिवस होता. काकी, म्हणजे आबांची बायको, आपट्याची पानं घेऊन खोलीच्या दारात आल्या. मी हात मागे घेतला. म्हटलं, मी असलं काही मानत नाही. त्या बिचाऱ्या हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या. अंगणातून आबा म्हणाले, "डॉक्टर, पानं हायत ती. पानं घ्याया काय मानावं लागतंय?" मी घेतली नाहीच. काकींनी ती पानं माझ्या खिडकीच्या फळीवर ठेवली आणि गेल्या. त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

आबांचे सण पाहण्यासारखे असत. पाडव्याला सकाळी ते गावभर फिरत आणि प्रत्येकाची गुढी विजेच्या तारेपासून किती लांब आहे ते बघत. जवळ असली की स्वतः काठी उपसून दुसरीकडे बांधून देत. गणपतीच्या मांडवात अर्थिंग घातल्याशिवाय मूर्ती आत येऊ देत नसत. आरतीला झांज वाजवत, ताल एकदाही चुकत नसे, पण तोंड घट्ट मिटलेलं. शिमग्याला मात्र ते तोंड असं उघडायचं की वरच्या धनगरवाड्यावर ऐकू जायचं. ईदला सकाळीच एसटी धरून भोरात जायचे आणि जुन्या सहकाऱ्याच्या घरी दोन वाट्या शिरखुर्मा पिऊन यायचे. पुरणपोळी कुणाच्या घरची, कटाची आमटी कुणाच्या घरची, हे त्यांचं ठरलेलं होतं, आणि त्या त्या घरी ते न बोलावता जाऊन बसत. देवासमोर वाकत नसत. जेवून झालं की घरातल्या बाईला वाकून नमस्कार करत, मग ती कालची सून का असेना. सुना लाजून आत पळत.

भजनी मंडळातल्या एका बुवांनी एकदा त्यांना धरलं. वीज तरी कुठं दिसते, वायरमन, तरी मानताच ना, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. आबा म्हणाले, "विजंला हात लावला की ती हाय का न्हाई ते कळतं. तुमच्या देवालाबी म्या लई येळा हात लावून बघितला, बुवा." बाकीचे हसले. बुवा हसले नाहीत, आणि मला त्याचं कारण तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझा वाद साधा होता. देव नाही, तर देवाच्या नावाचा सण नाही. नैवेद्य दाखवलेली पोळी खायची आणि देव नाही म्हणायचं, हा खोटेपणा आहे. खोटेपणा हा शब्द आबांना सोसत नसे. खोटं बोलण्याचा त्यांना खराखुरा तिटकारा होता, आणि त्याचं मूळ धंद्यात होतं. खालचा माणूस लाईन बंद आहे म्हणाला, तर वरचा माणूस तारेला हात घालतो. तो खोटं बोलला की वरचा मेला. म्हणून ते गमतीतसुद्धा खोटं बोलत नसत. कुणी भेटायला आलं आणि नको असलं, तर 'घरात हाय पर भेटायचं न्हाई' असा निरोप बाहेर पाठवत. मी खोटेपणा म्हटल्यावर ते म्हणाले, की सण माणसांनी काढला, शेताच्या कामातून चार घटका बसायला. देव मागाहून येऊन पाटावर बसला. तो बसलाय म्हणून आपण उठून जायचं काय? मला हे पटलं नाही. 

दसऱ्यानंतर वीस दिवसांनी पहिलीच दिवाळी आली आणि मी चक्रावलो. दसरा एवढ्या हौसेने करणारा माणूस, पण त्याच्या घरात ना कंदील, ना पणती, ना तळणाचा वास. काकी नेहमीची भाजी-भाकरी करून भिंतीला टेकून बसल्या. आबा दिवसभर दुसऱ्यांच्या दारात माळा लावत फिरले आणि संध्याकाळी परत येऊन आपल्या काळोख्या ओसरीवर बसले. शेजारच्या घरातल्या सुनेने मला सांगितलं. ह्यांची दिवाळी मोडलीय.

त्यांना एकच मुलगा होता. शिरवळला कंपनीत कामाला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरी यायला निघाला आणि किकवीच्या पुढे हायवेवर त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली. मिठाईचा पुडा पोलिसांनी आणून दिला. बुवा त्या दिवशी का हसले नव्हते, ते तेव्हा मला कळलं. आमच्याकडे रीत अशी, की ज्या सणाला घरात माणूस जातं, तो सण त्या घराला मोडतो. पुढे कधी त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मलं किंवा दावणीची गाय व्याली, तरच तो परत धरता येतो. तोवर नाही. मी गेलो तेव्हा आठ दिवाळ्या अंधारात गेल्या होत्या. मूल जन्मायला घरात आता कोणी नव्हतं. राहिली गाय.

आबांच्या गोठ्यात एकच गाय असे, आणि त्या गाईवरून सगळा गाव त्यांना हसत असे. गाय माजावर येऊन ओरडायची, खुंटा उपटायची, आणि हा माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बोटं मोजत उभा. इतक्यात न्हाई, म्हणायचे. कधी दोन-दोन महिने थांबवायचे. दुधाचं नुकसान व्हायचं, काकी बोलायच्या, ते ऐकून घ्यायचे. मग संक्रांतीच्या मागेपुढे एक दिवस घाईघाईने गाय भरवून आणायचे. मला वाटे, म्हातारपणी डोकं फिरलंय. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते, हे मला शहरातल्या माणसाला कुठून ठाऊक असणार? आणि संक्रांतीपासून नऊ महिने नऊ दिवस मोजले की कुठे येतं, हे मोजून बघायची मला गरज वाटली नाही.

कळलं ते दुसऱ्या वर्षी. गाय व्याली ती दिवाळीच्या चार दिवस आधी. गोंडस गोऱ्हा झाला, आणि आबा गोठ्यात मान खाली घालून बसलेले. मी चेष्टेने म्हटलं, एवढं काय झालं, मुलगी हवी होती का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. लपवणं त्यांना जमतही नसे. हे सुरू केलं त्या पहिल्या वर्षी त्यांनी आदल्या दिवाळीची तारीख धरून हिशेब केला होता आणि मधे अधिक महिना आला. दिवाळी अठरा-वीस दिवस पुढे सरकली, गाय आपल्या वेळेवर व्याली. अधिक महिना नावाचं काही असतं, हे त्यांनी तोवर कधी मनावरच घेतलं नव्हतं. तेव्हापासून पंचांग शिकले. इतकं शिकले, की गावातल्या बायका चतुर्थीचा चंद्र कधी उगवणार ते देवळात न विचारता ह्या नास्तिकाला विचारायला येत, आणि हे मिनिटासकट सांगत.

मी म्हटलं, "आबा, तुम्ही हे मानत नाही. मग सरळ कंदील लावा की. मोडला सण म्हणून न करणं, हीसुद्धा अंधश्रद्धाच आहे."

"म्या आत्ता लावीन, डॉक्टर. म्या वर कंदील लावणार आन ती आत तोंडात पदर घालून रडणार. मग त्यो सण कुणाचा?" पुढे म्हणाले, "फॉल्ट जितं असतो तितंच काढावा लागतो. तिच्या रीतीनं मोडलाय, तिच्याच रीतीनं सुटंल."

त्या दिवसापासून मी वाद घालणं सोडलं. माझं मत बदललं नव्हतं. पण पुढच्या संक्रांतीला कॅलेंडरसमोर त्यांच्या शेजारी उभं राहून मीही बोटं मोजली. त्या वर्षी गाय धनत्रयोदशीला व्याली. दोन दिवस कमी पडले. काकी गाईच्या पाठीवरून हात फिरवून आत गेल्या. त्यांनाही हे सगळं माहीत होतं. नवरा काय मोजतो हे बायकोपासून किती दिवस लपणार?

माझ्या शेवटच्या वर्षी श्रावणात काकींना लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं अडखळत का होईना राहिलं. भोरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पुढचा झटका लांब नाही. मी आबांना ते सांगितलं, कारण त्यांना खोटं सांगायची माझी छाती नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं, गोठ्यात गेले आणि गाभण गाईच्या पोटाला कान लावून उभे राहिले. ही शेवटची दिवाळी आहे, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. काकींना तो सण परत मिळायचा असेल, तर ह्या वर्षी मिळायला हवा होता.

आणि त्या वर्षी गाय अडली ती नेमकी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी. आबा गाईचं डोकं धरून बसले. मी फोन करून भोरहून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, सणाचा दिवस असून ते आले. वासरू आडवं होतं. अकरा वाजले असतील, त्यांनी ते ओढून काढलं. कालवड होती, पांढऱ्या कपाळाची. मेलेली होती. डॉक्टरांनी तोंडात बोट घालून, छाती चोळून बघितलं, आणि हात धुऊन, अशा वेळी बरं वाटत नाही म्हणून चहा न घेता निघून गेले.

मधल्या खोलीतून काकींची हाक आली. काय झालं, म्हणून त्या विचारत होत्या.

आबा उठले नाहीत. मला म्हणाले, "जावा. सांगा, कालवड झाली."

"आबा, तुम्ही सांगा."

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. तिला आवाजावरनंच कळंल. तुमी सांगा, डॉक्टर. आजवर काय मागितलं न्हाई तुमच्यापाशी."

मी आत गेलो. काकी उशीवरून मान उचलून दाराकडे बघत होत्या. मी म्हटलं, "काकी, व्याली. कालवड झाली. पांढऱ्या कपाळाची." त्यांनी उजवा हात कपाळाला लावला आणि डोळे मिटले. मग मला म्हणाल्या, "दादा, पनती लावा." घरात आम्ही दोनच पुरुष, आणि एक गोठ्यात. कोनाड्यात बारा वर्षांची धूळ खात पडलेल्या पणत्या मी काढल्या, पुसल्या, तेल घातलं, वात वळता येत नव्हती तरी वळली. भर दुपारी मी उंबऱ्यावर पणती लावली. ज्याने आपट्याची पानं घेतली नव्हती, त्याने. काकींनी सांगितलं तसा वाकलोसुद्धा.

बाकीचं शेजारच्या सुनेने केलं. काकींनी अंथरुणातून मापं सांगितली, तिने करंज्या तळल्या. गाय पान्हा सोडत नव्हती, तरी वाटीभर चीक निघाला, त्याचा खरवस झाला. आबांनी कालवड मागच्या बांधापलीकडे पुरली, आंघोळ केली, आणि संध्याकाळी कंदील लावला. लावताना दोनदा खाली उतरले. वायरमन माणूस, पण जोडणी चुकत होती. काकींनी त्यांना समोर बसवून करंजी खायला लावली. त्यांनी ती खाल्ली. इतकी सावकाश कुणी करंजी खाताना मी पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी आबा दुधाला बाहेर गेले असताना मी काकींना गोळ्या द्यायला बसलो. गाय हंबरत होती. आदल्या दिवसापासून थांबलीच नव्हती. काकी म्हणाल्या, "दादा, वासरू जवळ असलेली गाय अशी हंबरत न्हाई."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांनी माझा हात धरला.

"त्यास्नी सांगू नगा, मला कळलंय ते. इतक्या वर्सांनी कंदील लावलाय त्यांनी. माझ्यापायी खोटं बोलले. देव मला बोल लावंल तर लावंल. म्या सण गोड करून घेतलाय." आणि मग, "शबूद द्या." मी दिला.

पौषात काकी गेल्या. त्यानंतर आबांनी सण सोडले, एकूण एक. पाडव्याला गुढ्या बघायला निघाले नाहीत. गणपतीच्या मांडवातून पोरं बोलवायला आली, तर अर्थिंग कसं घालायचं ते ओसरीवरूनच सांगितलं. पुरणपोळीची घरं वाट बघत बसली, एक-दोघींनी ताट झाकून घरी पाठवलं, ते त्यांनी गाईला घातलं. वर्षभर सुतक धरलंय, असं लोक समजले. नास्तिकाने सुतक धरलं म्हणून बुवा खूश झाले. खरं काय ते त्यांनी मला एकट्याला सांगितलं. "ती वर चढलेली व्हती, डॉक्टर, आन म्या खालनं लाईन बंद हाय म्हणून वरडलो."

माझी बदली वेल्ह्याला झाली. वेल्हे आणि ते गाव, मधे डोंगर आणि दोन एसट्या, पण मी वर्षातून चार-पाच वेळा तरी जायचो. फोन तर दर आठवड्याला. प्रत्येक वेळी, हवापाण्याचं बोलून झालं की ते एकच विचारायचे. "जायच्या आदी ती तुमाला काय म्हणाली व्हती का? वासराचं?"

मी म्हणायचो, नाही.

मी देव मानत नव्हतो, सण मानत नव्हतो, पण शब्द मानत होतो. मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द. तिने तो मागितला होता ह्या माणसाचं मन राखायला, आणि त्याच शब्दाखाली हा माणूस रोज थोडा थोडा खचत चालला होता, हे मला समोर दिसत होतं. तरी मी चार वर्षं नाही म्हणत राहिलो. तत्त्वाने वागणाऱ्या माणसाला कुठे वाकावं हे कळत नाही, हा माझा जुना रोग. सांगायला हवं होतं. पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं.

गेल्या फाल्गुनात आबा गेले. त्यांच्या पुतण्याने कळवलं, पण रस्ता लांबचा, मला पोचायला उशीर झाला. मग दहाव्याला गेलो. आपल्यामागे काही करू नका, असं आबा कधी म्हणाले नव्हते. काय करायचं ते करा, मला कळणार न्हाई, जेवण तेवढं चांगलं करा, एवढंच सांगून ठेवलं होतं. नदीकाठी पुतण्याने पिंड ठेवले. सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळे पलीकडच्या झाडावर बसले होते, खाली येईनात.

माणसाची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणतात. मग एकेकाने पुढे जाऊन सांगायचं असतं. पुतण्या म्हणाला, गाय विकणार नाही. शेजारची सून म्हणाली, घरात दिवा लावत जाईन. बुवासुद्धा पुढे होऊन काहीतरी पुटपुटले. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन तापायला लागलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

मी चपला काढल्या आणि पिंडापाशी जाऊन उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आबा, काकींना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या. त्यांनी सगळं कळून सण केला."

कुणाला काही समजलं नाही. मी मागे आलो आणि झाडाकडे बघत राहिलो. कावळा खाली यावा असं मला इतकं वाटत होतं, की आयुष्यात मी दुसरं काही इतकं मागितलं नसेल. मी बराच वेळ बघत होतो. एक कावळा उडाला, आणि नदीच्या पलीकडे गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि लोक आंघोळीला पाण्यात उतरले.